थंड चुलीचा पुरावा

गुंडूमामा मेथर आमच्या खळ्यात शिरला तेव्हा त्याच्या एका काखेत कोंबडी होती आणि दुसऱ्या हातात वकिलाची नोटीस. गावपळण संपून आठवडा होत आला होता, तरी करंजखोलमध्ये अजून कुणाची कोंबडी कुणाच्या खुराड्यात गेली याचा निकाल लागत नव्हता.

"बाय, ही कोंबडी तुमची. आणि ह्यां काय असा तां वाच," तो म्हणाला. "पोस्टमन म्हणालो सही कर. मी केलंय. आता माका भेव वाटता."

"आधी वाचून मगे सही करूची, मामा."

"माका इंग्लिश खंय येता?"

"ह्यां मराठीत असा."

"वकिलाचां मराठी माका इंग्लिशच."

मी तेव्हा नुकतीच वकील झाले होते. तालुक्याच्या कोर्टासमोर माझ्या नावाची पाटी लागली होती आणि त्या पाटीखाली आईशिवाय अजून कुणी थांबलेलं नव्हतं, तीही भाजीची पिशवी टेकवायला. म्हणजे गुंडूमामा हा माझा पहिला अशील, आणि आमचीच कोंबडी ही माझी पहिली फी.

नोटीस शैलेश खोतची होती. शैलेश मुंबईला असायचा. त्याचे वडील बापू खोत गावातले मोठे जमीनदार. बापूंना दशावताराचं वेड, आणि गुंडूमामा दशावतारात राण्या रंगवायचा. त्याच्या भुवया म्हातारपणीही बारीक होत्या, आणि विहिरीवर घागर घेऊन निघाला तरी दरबारात प्रवेश केल्यासारखा चालायचा. बापूंनी मरण्याआधी आपल्या माडीच्या घरासमोरचं, तो आधीपासून राहत होता ते छोटं कौलारू घर त्याला रीतसर कागद करून दिलं होतं. कागद चार ओळींचा. गुंडू मेथर याने या घरात राहावे, घर त्याचेच समजावे. परंतु घरातील चूल एक दिवसही थंड राहता कामा नये. राहिल्यास घर खोतांकडे परत यावे.

बंद घराला कोकणात पाऊस आणि वाळवी मिळून खातात, म्हणून बापूंनी ती अट घातली, असं सगळा गाव धरून चालला होता. मीही तसंच समजत होते.

आता शैलेशला तिथं पर्यटकांसाठी निवास काढायचा होता. आणि त्याचे वकील तळवडेकर यांनी कळवलं होतं की गावपळणीच्या काळात सदर चूल थंड होती, याचा भरभक्कम पुरावा त्यांच्याकडे आहे, सबब गुंडू मेथर यांनी पंधरा दिवसांत घर खाली करावं.

"चूल थंड होती?" मी विचारलं.

"गो बाय, सगळ्या गावाची थंड होती! गावपळण होती मां!"

तेही खरंच. गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. काही वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो, आणि त्या दिवशी अख्खं गाव शिवेबाहेर माळावर जाऊन राहतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळी बाहेर. गावात चूल पेटत नाही, माणूस फिरकत नाही. तीन दिवसांनी देव पुन्हा कौल देतो, मग परत यायचं. पूर्वी एकदा म्हणे कुणी एक जण तंबाखूची डबी विसरली म्हणून चोरून घरी जाऊन आला. ते कळलं, आणि आख्ख्या गावाला सामानसुमान उचलून पुन्हा बाहेर जावं लागलं. त्या घराण्याला गावात अजून तंबाखूवाले म्हणतात. त्यांच्यातला एक जण पुढे बँकेत साहेब झाला, तरी तो तंबाखूवाल्यांचा साहेब.

"माझां घर जातलां काय गो?" गुंडूमामानं विचारलं. एरवी त्याचं बोलणं नाटकी असायचं. हे तसं नव्हतं.

"बघूया," मी म्हटलं. नवीन वकिलाला दुसरं काय येतं?

मी नोटीस पुन्हा वाचली. मग तळवडेकरांना उत्तर लिहिलं, की कोर्टात जाण्याआधी एकदा बसून बोलू. आमची एकच अट, बैठक रवळनाथाच्या देवळात, गावासमोर व्हावी. तळवडेकर लगेच तयार झाले. त्यांना श्रोते आवडत. कोर्टात न्यायाधीश त्यांना मध्येच थांबवत असत, देवळात थांबवणारं कुणी नव्हतं.

बैठकीला गाव लोटलं. शैलेश पांढरा कुर्ता घालून आला. गावपळणीलाही तो मुंबईहून खास आला होता. माळावर पहिल्या दिवशी त्यानं आपली संस्कृती, आपली माती यावर भाषण केलं होतं आणि आमच्या झोपड्यांचे ढीगभर फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनला रेंज नाही म्हणून तालुक्याला जाऊन येतो म्हणाला, आणि संध्याकाळी भजनाला हजर होता. त्याच्या घराण्याला मान होता. जत्रेत देवाच्या पालखीला पहिला खांदा खोतांचा. आपल्या निवासाची त्यानं जी छापील पत्रकं आणली होती, त्यांवर हाच मजकूर सर्वांत वर होता. पालखीचे मानकरी खोत यांच्या घरी राहा.

तळवडेकरांनी आल्या आल्या फळा मागितला. देवळात एकच फळा होता, त्यावर भजनाच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्या. आज भजन कुणाचं, यावरून मागे कुजबुज सुरू झाली.

"कायद्यात अटी तीन प्रकारच्या," तळवडेकर म्हणाले आणि फळ्यावर आकडे घातले. "पहिली, पूर्वशर्त. आधी अट पुरी व्हायची, मगच करार सुरू व्हायचा. अट पुरी झाली नाही तर कुणी कुणाचं काही लागत नाही."

पुढच्या रांगेत बाबल गावकर बसला होता. देवळाच्या कारभारात शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, "म्हणजे नवस."

"नवस नाही हो. करार."

"तांच तां. झील झालो तर कोंबो देतंय. झील नाय, तर कोंबो नाय."

"ढोबळमानानं, हो," तळवडेकर नाराजीनं म्हणाले. "दुसरी, समवर्ती शर्त. दोघांनी आपापलं काम एकाच वेळी करायचं. एकाची तयारी नसेल तर दुसऱ्यावर सक्ती नाही."

"बांगडे," बाबल म्हणाला. "एका हातान बांगडे, दुसऱ्या हातान पैशे. आधी कोण कायच सोडना नाय."

"बरं. आता तिसरी, आणि आजच्या विषयाची. उत्तरशर्त. करार चालू आहे, माणसाला हक्क मिळालेला आहे, पण पुढे एखादी ठरावीक गोष्ट घडली की तो हक्क तिथंच संपतो."

देवळात सगळे विचारात पडले. तळवडेकरांना वाटलं, आता कुठे आपली विद्या पोचली. तेवढ्यात बाबलचा चेहरा उजळला.

"घरजावय!" तो म्हणाला. "बरो ऱ्हवता तवसर ऱ्हवता. भांडाण झालां की भायर."

देऊळ हसलं. गुंडूमामा मात्र हसला नाही. तो खांबाला टेकून बसला होता आणि सारखा देवाकडे बघत होता. माझ्या हातात काय होतं ते मला माहीत होतं, पण ते चालेल की नाही ते माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. म्हटलं, गावपळण ही सगळ्यांवर सारखी बांधलेली गोष्ट आहे. खुद्द बापू खोतसुद्धा गावपळणीला चूल विझवून माळावर येत असत. आपण स्वतः मोडत होतो ती गोष्ट मोडली म्हणून दुसऱ्याचं घर काढून घ्यावं, असं त्यांच्या मनात असेल का?

"मनात काय होतं ते कायदा विचारत नाही, पेडणेकर मॅडम, कागदावर काय आहे ते विचारतो," तळवडेकर म्हणाले. "एक दिवसही, असं लिहिलंय. गावपळण सोडून, असं लिहिलंय का?"

"देवाचा हुकूम होता."

"देव या करारात पक्षकार आहे? त्याची सही आहे?"

बाबलनं चमकून गाभाऱ्याकडे पाहिलं. असला प्रश्न त्या देवळात पूर्वी कुणी विचारला नसावा.

"माझी चूल मी वांगडा घेवन जावक तयार होतंय," गुंडूमामा मध्येच म्हणाला. "पण ती जमिनीत बसयलेली असा. उपटतलंय कशी?"

"शांत बसा, मामा," मी म्हटलं. "साहेब, मग एवढंच सांगा. अट मोडली, हे कुणी सिद्ध करायचं?"

"जो म्हणतो त्यानं. म्हणजे आम्ही," तळवडेकर म्हणाले. या प्रश्नाची ते वाटच बघत होते. "सगळं गाव बाहेर होतं म्हणून याचीही चूल थंड असणार, असले अंदाज आम्ही सांगत नाही. आमच्याकडे समक्ष पुरावा आहे." त्यांनी पाकिटातून मोठे केलेले फोटो काढले आणि पहिला बाबलच्या हातात दिला.

फोटो गुंडूमामाच्या चुलीचा होता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण चुलीच्या तोंडाशी गेरू आणि चुन्यानं काढलेला मोर होता, आणि गावात चुलीवर मोर काढणारा माणूस एकच. चुलीतल्या राखेत एक हात मनगटापर्यंत खुपसलेला होता. मनगटावर जाडजूड घड्याळ, बोटात गोमेदाची अंगठी. खाली कोपऱ्यात, तेव्हाच्या कॅमेऱ्यात उमटायची तशी, केशरी आकड्यांत तारीख. गावपळणीचा दुसरा दिवस.

"राख पूर्ण थंड," तळवडेकर म्हणाले. "एरवी कुणी हात घालेल का?"

बाबलनं फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग शैलेशच्या हाताकडे पाहिलं. शैलेशनं तो हात कुर्त्याच्या खिशात घातला.

"वकीलसायबानू," बाबल हळू म्हणाला, "माका एकदा परत सांगा. ह्यो हात कोणाचो?"

"माझ्या अशिलांचा."

"आणि ते खंय गेलले?"

"गावात. दुपारी. तुम्ही सगळे बाहेर असताना. एका हातानं राख तपासली, दुसऱ्या हातानं फोटो काढला. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर विसंबलेले नाहीत ते. पुराव्याचा कणाच आहे हा!"

तळवडेकर तालुक्याचे. त्यांच्याकडे गावपळण नव्हती. कुणीच काही बोलत नाही म्हणजे पुरावा सगळ्यांना पटला, असं समजून ते दुसरा फोटो वाटायला निघाले.

मागच्या खांबापाशी तंबाखूवाल्यांचा सोनू बसला होता. गावाच्या बैठकीत तो कधी मान वर करून बसत नसे. त्या दिवशी त्यानं ती वर केली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आमी निदान तंबाखूसाठी गेललंव."

बाबल उठला. "शैलेशबाबा, गावपळण मोडली तर काय जाता, तां तुमका सांगूक नको. आख्ख्या गावाक परत भायर पडूचा लागतला. आणि मोडतल्याच्या घराक पालखीचो खांदो ऱ्हवना नाय. ह्यां बापूनीच सांगल्यानी, ह्याच देवळात. तंबाखूवाल्यांच्या टायमाक."

हीसुद्धा अटच होती. मान चालू आहे, पण पुढे ठरावीक गोष्ट घडली की संपतो. फळ्यावरच्या तिसऱ्या आकड्यासमोर ती चपखल बसत होती. तळवडेकरांच्या हातातला खडू खाली आला.

"कोर्टात गेलात तर शैलेशदादांना शपथेवर सांगावं लागेल, की मी त्या दिवशी गावात होतो आणि हा हात माझा," मी म्हटलं. "ते साक्ष देणार असतील तर आमची काही हरकत नाही."

शैलेशनं कपाळ पुसलं, पण डाव्या हातानं. घर हवं तर हात कबूल करायला हवा होता. मान हवा तर हात नाकारायला हवा होता. त्यानं गाभाऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे.

"तारीख चुकलीय," तो म्हणाला.

"काय?" हे तळवडेकर.

"कॅमेऱ्यात तारीख लावलेलीच नव्हती. आणि... आणि ही चूल आमच्या घरातली आहे."

"अहो, तुम्हीच मला..."

"आमच्या घरातली आहे, साहेब!"

आता देवळातल्या प्रत्येक माणसाला खोतांच्या घरात बापूंच्या हयातीपासून गॅस आहे हे माहीत होतं. प्रत्येकाला फोटोतला मोर दिसत होता. पण हे खोटं मानलं तर पुढे काय, तेही प्रत्येकाला दिसत होतं. पुन्हा झोपड्या. पुन्हा म्हशी. पुन्हा पाळणे. कोंबड्या तर आत्ता कुठे आपापल्या खुराड्यात गेल्या होत्या.

"तुमच्याकडे चूल असा?" बाबलनं विचारलं.

"आहे. मागच्या पडवीत."

"मोराची?"

"मोराची."

बाबलनं गावाकडे पाहिलं. गावानं मान डोलावली. आयुष्यात मी इतक्या साक्षीदारांना इतक्या एकमतानं खोटं बोलताना पाहिलेलं नाही, आणि तेही एक शब्द न उच्चारता.

"मगे मिटलां," बाबल म्हणाला. "खोतांच्या घरात मोराची चूल असा, तां देवान आयकलां. गुंडूच्या चुलीबद्दल पुरावो कायच नाय. वकीलसायबानू, तसां लिवन देवा. आणि भजनाच्ये पाळ्ये परत लिवा, तुमीच पुसलात."

तळवडेकरांनी दोन्ही लिहिलं. आधी नोटीस मागे घेतल्याचा कागद, मग लोकांना विचारून विचारून पाळ्या. निघताना ते माझ्यापाशी थांबले.

"बैठक देवळातच हवी, ही तुमची अट," ते म्हणाले. "मला वाटलं, भाविक आहात."

"पूर्वशर्त होती, साहेब. नोटिशीत 'पुरावा' वाचला, तेव्हाच म्हटलं, रिकाम्या गावातला पुरावा आणला कुणी?"

त्यांनी फळ्यावरच्या आपल्या पुसट तीन आकड्यांकडे एकदा पाहिलं आणि चपला शोधायला गेले.

दिवेलागणीला गुंडूमामानं मला चहाला बोलावलं. मी चुलीसमोर पाटावर बसले. त्यानं नारळाची सोडणं पेटवली, फुंकणीनं फुंकर घातली, आणि मोराच्या तोंडातून जाळ आल्यासारखा दिसला. मी चांगलीच खुशीत होते. पहिला खटला, तोही न लढता जिंकलेला.

"बाय," तो म्हणाला, "बापूनी ही अट कित्याक घातल्यानी, म्हायत असा?"

"घराक वाळवी लागू नये म्हणान."

"वाळवी!" तो हसला. "अगो, माझ्या पायात भोवरो. नाटक कंपनीचो टेम्पो दारात इलो की मी चललंय. सहा सहा म्हयने पत्तो नाय. आणि बापूंक बोलूक कोण नाय होतां. झील मुंबैक. मी गावात असलंय की ते सकाळी माडयेर येवन बसत. हयसून धूर येताना दिसलो की म्हणत, गुंडू असा. मगे चाय घेत."

त्यानं भांड्यात साखर टाकली.

"आजारी पडले तेवा माका म्हणाले, आता तू परत टेम्पोत बसतलंस. मी म्हटलंय, बसूचंय नाय. तर कागद केल्यानी. माझ्यार विश्वास नाय! म्हणाले, तुका घर देतंय, पण धूर रोज होवक व्हयो." त्यानं चुलीत आणखी एक सोडण सारलं. "आता बघणारो कोण नाय. कंपनीवाले अजून बलयतत. पण मी जाणंय नाय. सकाळी उठतंय, चूल पेटयतंय, आणि वर माडयेकडे बघतंय."

मला रडू आलं. चुलीसमोर बसलेल्या माणसाला धुराचं निमित्त आयतंच मिळतं, तेवढं बरं असतं. आम्ही सकाळभर देवळात ज्या अटीचा कीस पाडला होता, तिचा अर्थ आमच्यापैकी एकाही शहाण्याला कळलेला नव्हता.

गुंडूमामा त्यानंतर बरीच वर्षं जगला. मधल्या काळात शैलेश मुंबई सोडून गावीच आला. निवास त्यानं आपल्या माडीतच काढला. पाहुण्यांना बघायला म्हणून मागच्या पडवीत खरोखरच एक मोराची चूल घालून घेतली. मोर गुंडूमामानंच काढून दिला, पैसे चोख वाजवून घेऊन. सकाळी शैलेश माडीवर चहा पीत बसलेला दिसायचा.

मग श्रावणातल्या एका सकाळी आई मला म्हणाली, "गुंडूच्या घराचो धूर दिसना नाय गो."

मी धावत गेले. माझ्या आधी शैलेश पोचला होता. गुंडूमामा झोपेतच गेला होता, भुवया नीट कोरलेल्या. लोक जमले. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, त्यामुळे शेजारणीनं चहा आपल्या घरून आणला. म्हणजे बापूंची अट आता आपसूक मोडणार होती. नोटीस नको, फळा नको, साक्षीदार नको. घर खोतांचं होणार होतं.

शैलेश स्वयंपाकघरात एकटाच उभा होता. मी दारात थांबले. तो चुलीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं राखेत हात घातला. तोच हात, तीच अंगठी. या वेळी कॅमेरा कुठं आहे, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

बराच वेळ त्यानं हात बाहेर काढला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वकीलबाई, राख अजून गरम आहे."